एकोणतीस पाखरे आणि एक दोरी

लिहवून घेणार: उर्सुला सेतेर, साचुन सोनारांच्या घरातली, दिवंगत पिमिन हमाल यांची बायको, वय ऐंशीच्या बरेच पुढे (नेमके कोणी मोजलेले नाही), धंदा सोनारकाम व भट्टी फुंकणे, राहणार चान चानच्या पडक्या भिंतींबाहेरची वस्ती, मोचे नदीचे खोरे.

मला आता चालवत नाही, डाव्या डोळ्याने दिसत नाही आणि श्वास पुरत नाही. एवढे सोडले तर मी ठीक आहे आणि माझी बुद्धी जागेवर आहे. जे सांगते आहे ते माझ्या मनाने सांगते आहे, मला कोणी दटावलेले नाही, फसवलेले नाही, दारू पाजलेली नाही. मला लिहिता येत नाही, म्हणून मी बोलते आणि कारकून मार्तिन ओलिवा लिहितो. तो समुद्रापलीकडून आलेल्या दाढीवाल्यांपैकी असला तरी त्याची बायको आमच्या वस्तीतली आहे आणि आमची भाषा त्याला येते. मी सांगेन त्यातले एक अक्षर गाळणार नाही, असे त्याने कबूल केले आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. आमच्यात ती रीतच नव्हती. माणूस गेला की त्याला गुडघे पोटाशी घेऊन बसवायचे, कापडात गुंडाळायचे आणि त्याच्या वस्तू त्याच्याजवळ ठेवून वाळूत पुरायचे. वाटणीला काही उरतच नसे.

देह कुठे पुरायचा हे पहिल्या कलमात लिहायचे असते, असे मार्तिन म्हणतो. माझी मुलगी लुसिआ इथेच बसली आहे. ती म्हणते, "त्यात काय विचार करायचा, आई? बाबांच्या शेजारी." नऊ वर्षांपूर्वी मीही हेच म्हटले असते. आता माझे ठरत नाही. ते कलम शेवटी लिहू. तोपर्यंत ठरले तर ठरले.

कलम पहिले. माझे दोन खोल्यांचे मातीचे घर, वरच्या बोरूच्या छपरासह, मुलगी लुसिआ हिला द्यावे. मागच्या भिंतीला ओल येते. तिने ती पावसाळ्याच्या नावाखाली पुढे ढकलू नये, आपल्याकडे पाऊस पडत नाही.

कलम दुसरे. कापसाची पट्टी आणि तिला दर तिसऱ्या दिवशी मिळणारी पाण्याची पाळी नातू बार्तोलो याला द्यावी. शेजारचे पोमा ही पाळी आपली आहे असे सांगतील. त्यांचा आजा इंकांच्या सैन्यामागून डोंगरातून उतरला आणि आमच्या कालव्यावर बसवला गेला, त्याआधी ही पाळी माझ्या बापाची होती. बार्तोलोने भांडू नये, पण पाळीच्या दिवशी कालव्याच्या तोंडाशी उजाडायच्या आत जाऊन बसावे.

कलम तिसरे. माझा मिरची वाटायचा दगडी खल पोमाच्या थोरल्या सुनेने बारा वर्षांपूर्वी एका दिवसासाठी नेला. तो तिच्याकडेच आहे. तो मी तिला देऊन टाकते, म्हणजे निदान यापुढे तरी ती चोरी ठरणार नाही. मार्तिन विचारतो, हे लिहायलाच हवे का. लिही बाबा.

कलम चौथे. माझी हत्यारे: बोरूच्या तीन फुंकण्या, त्यांची मातीची तोंडे, काळ्या दगडाची ऐरण, चार हातोड्या, वितळल्या धातूची मूस उचलायची सांडशी. ही सगळी माझ्या नातीला, मेन्सियाला द्यावीत. तिचा हात माझ्यासारखा आहे आणि म्हणूनच मला तिची भीती वाटते. हत्यारांबरोबर तिला हेही द्यावे की हा हात आमच्या घराला कसा भोवला. ते मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. लुसिआलासुद्धा नाही. ती ऐकते आहे, ऐकू दे.

चान चान तेव्हा आमच्या राजाचे शहर होते आणि माझ्या बापाचे दुकान तिथल्या महालाच्या उत्तरेच्या भिंतीला लागून होते. बाप गेल्यावर ते माझ्या थोरल्या भावाकडे आले. त्याचे नाव कावर. दुकानात तो बसायचा, गिऱ्हाइकाशी बोलायचा, हसवायचा, गाणी म्हणायचा. आमच्या अख्ख्या आळीत त्याच्याइतका लाडका माणूस नव्हता. पण हातात हातोडी घेतली की त्याचे काहीतरी बिनसायचे. पत्रा फाटायचा, मूस कलंडायची. बारीक काम मी पडद्यामागे करायचे. लोकांना वाटायचे, बहीण भट्टी फुंकते आणि भाऊ घडवतो. आम्हीही कधी खुलासा केला नाही. दुकान चालत होते, आणि बाईच्या हातचे म्हटले असते तर कोणी घेतले नसते.

मी सतरा-अठरा वर्षांची असताना इंका आले. ते आमच्या भिंतींवर चढले नाहीत, की त्यांनी दरवाजे फोडले नाहीत. ते वर डोंगराच्या पायथ्याशी गेले आणि कालव्यांची तोंडे बंद करून तिथेच बसले. आमच्याकडे सैन्य होते, भाले होते, भिंत तर पाच माणसे एकमेकांच्या खांद्यावर उभी केली तरी हात पुरणार नाही एवढी. तहानेला भिंत काय करणार? मका शेतात उभा वाळला. शहरातल्या पायऱ्यांच्या विहिरी रोज एकेक पायरी खाली जात होत्या. आई घागर घेऊन जायची आणि परत येऊन फक्त किती पायऱ्या उतरले ते सांगायची. बासष्ट सांगितले त्या दिवशी आमच्या राजाने दरवाजे उघडले. त्याला पालखीत बसवून कुस्कोला, इंकांच्या राजधानीला नेले. पाहुणा म्हणून नेतो, असे दवंडीत सांगितले होते. तो परत आला नाही.

मग त्यांचा तपासनीस आला, बरोबर एक दुभाष्या. हुकूम असा की प्रत्येक सोनाराने दहा दिवसांत एक पेला घडवून दाखवायचा. कशासाठी ते सांगितले नाही. आम्हाला वाटले, आम्हाला कळले. आमच्या राजांच्या राज्यात उत्तम काम करणाऱ्याला कानात घालायला सोन्याच्या चकत्या मिळत आणि महालाजवळ घर मिळे. मालक बदलला तरी रीत तीच असणार, असे आळीतल्या प्रत्येकाला वाटले. दहा दिवस कोणी झोपले नाही. ज्याने त्याने आयुष्यात केले नव्हते असे काम काढले.

कावरने दोन पेले फोडले. तिसऱ्या वेळी तो ऐरणीवर डोके टेकून बसला.

"माझ्याच्यानं नाही होत गं, सेतेर. मी सरळ जाऊन सांगतो, मला येत नाही म्हणून."

आई म्हणाली, "सांगतोस? तुझ्या बापाच्या दुकानात बसून? सगळी आळी हसेल. अगं, तू बघत काय बसलीस, करून दे त्याला. भाऊ आहे तुझा. नाक कापलं जाईल आपलं."

मी करून दिला. एकाच चांदीच्या चकतीतून ठोकून काढलेला, कुठे सांधा नाही, काठाखाली पाणकोळ्यांची रांग. चोची वर केलेले अकरा पाणकोळी. तो माझ्या हातून झालेला सगळ्यात सुंदर पेला होता आणि हे सांगताना मला अजूनही अभिमान वाटतो. त्या अभिमानाचीच लाज वाटते.

तपासनीसाने तो उन्हात धरला. आतून बोट फिरवले. दुभाष्याने विचारले, "हा तू घडवलास?"

कावरने माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली.

"मीच," तो म्हणाला.

ज्यांचे पेले चांगले होते, त्यांना तिसऱ्या दिवशी कुस्कोला न्यायचे ठरले. कायमचे. इंका राजासाठी घडवायला. ज्यांचे वाईट होते त्यांना घरी पाठवले. समोरच्या दुकानातला तोल्मो, ज्याचा साधा चमचासुद्धा वाकडा व्हायचा, तो घरी राहिला आणि नातवंडांच्या गराड्यात म्हातारा होऊन मेला. मरेपर्यंत तो माझ्याकडे बघून हसायचा. तोल्मोच्या वंशजांना माझ्याकडून काहीही देऊ नये.

मी खरे सांगायला निघाले होते. आईने माझा हात धरला. त्याच महिन्यात कालव्यावरचा एक राखणदार इंकांच्या अधिकाऱ्याशी खोटे बोलला होता आणि त्याला आम्ही सगळ्यांनी झाडाला लटकलेले पाहिले होते. कावर खोटे बोलला असे मी सांगितले तर तो मरणार. नाही सांगितले तर जाणार, आणि तिथे पहिल्याच दिवशी हातोडी उचलली की उघडा पडणार. काय करायला हवे होते ते मला आज एवढ्या वर्षांनीही सुचलेले नाही.

निघताना त्याच्या अंगावर सुती सदरा आणि डोक्याला आमचा पट्टा होता. इंकांचा कायदाच तसा: ज्याने त्याने आपापल्या मुलखाचेच कपडे घालायचे, म्हणजे कोण कुठला ते लांबून कळते आणि पळून जाणारा लपत नाही. समुद्रकाठचे सुती कापड घालून तो बर्फाच्या डोंगरात चालला होता. मला कानाशी म्हणाला, "तू घडवून पाठवत राहा, मी माझं म्हणून दाखवीन. वर्षाला एक पुरे. बाकी मी बोलून निभावतो. बोलता तर येतं ना मला!" आणि हसला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

कलम पाचवे. समुद्रातली बोरूची होडी जुनी झाली आहे, तरी ती बार्तोलोला द्यावी. दर महिन्याला नवी बांधायची अक्कल त्याला आली की ही मोडावी.

कलम सहावे. एक सुती दोरी, हाताएवढी लांब, तिच्यात एकोणतीस गाठी. ती माझ्या उशाखाली आहे. तिचे काय करायचे ते शेवटी सांगेन, पण ती काय आहे ते इथे सांगते.

पिमिन हमाल होता. इंकांनी वसूल केलेले कापड, सुके मासे आणि मीठ पाठीवर घेऊन तो वर्षातून एकदा डोंगरातल्या कोठारापर्यंत चढायचा. तिथून पुढे दुसरे हमाल ते कुस्कोला नेत. भाऊ गेल्याच्या दुसऱ्या वर्षी मी त्याला गाठले आणि एक पाखरू त्याच्या हातात दिले. अंगठ्याएवढा पाणकोळी. आत तांबे, त्यात आईच्या कानातले थोडे सोने. आंबट रसात घालून तापवले की वरचे तांबे निघून जाते आणि सोने तेवढे अंगावर राहते. घाईत चोच जरा वाकडी झाली.

"कुस्कोत साचुनांच्या कावरला द्यायचं. कोणाला दिसता कामा नये," मी म्हणाले.

"दिसलं तर मला लटकवतील," तो म्हणाला.

"मग नको नेऊस."

"नको कुठे म्हटलं?" आणि त्याने ते कमरेच्या कापडात खोचले.

तो परत आला तेव्हा त्याच्या हातात ही दोरी होती. तिला एक गाठ. कोठारावर कुस्कोकडे जाणारा एक ओळखीचा हमाल आहे, त्याच्या हाती पाखरू पोचले आणि कावरने पोच म्हणून गाठ मारून पाठवली, असे त्याने सांगितले. त्या दिवशी आईने कित्येक महिन्यांनंतर पोटभर जेवण केले. पुढच्या वर्षी मी पाणकावळा दिला, त्याच्या पुढच्या वर्षी कुरव. समुद्रावर जितके पक्षी उतरतात तितके मी घडवले. दर वर्षी दोरी वर जायची आणि एक गाठ जास्त घेऊन खाली यायची. चौथ्या वर्षी मी पिमिनशी लग्न केले. लुसिआ झाली, एक मुलगा होऊन गेला, आई गेली. पाखरू कधी चुकले नाही. पिमिन परतायचा त्या दिवशी मी रस्त्याने अर्ध्या वाटेपर्यंत धावत जायचे.

"पोचलं?"

"पोचलं."

एवढेच बोलणे व्हायचे. मग तो दोरी द्यायचा आणि माझ्या तोंडाकडे बघत उभा राहायचा. मी गाठी मोजायचे. त्याच्याकडे मी कधी नीट बघितलेच नाही.

एकोणतिसाव्या वर्षी तो तापाने फणफणून परतला. सहाव्या दिवशी त्याने माझे मनगट धरले. "पाखरं," म्हणाला. "सेतेर, ती पाखरं..." मी म्हणाले, "काळजी नको करू. दुसऱ्या कोणाकडून तरी पाठवीन." त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिले आणि डोळे मिटले. त्याच दिवशी तो गेला. त्याला आमच्या रीतीने वाळूच्या टेकाडात बसवून पुरले.

दुसरा कोणी मिळाला नाही. कोठारावरच्या त्या ओळखीच्या हमालाला कोणी ओळखत नव्हते. पाखरे थांबली. म्हणजे कावर उघडा पडला असणार, म्हणजे मी त्याला मारले, असे धरून मी पुढची तीस-एक वर्षे काढली. मग इंकांच्या राजघराण्यातले दोन भाऊ आपसांत लढले, मग दाढीवाले आले, आणि जे आमचे झाले होते तेच इंकांचे झाले. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

कलम सातवे. नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. दाढीवाल्यांच्या एका टोळीने पडक्या शहरात खणायला सुरुवात केली होती. भिंतींतून, थडग्यांतून जे निघे ते वितळवून विटा पाडत. त्यांना जुन्या पद्धतीची भट्टी फुंकणारे हवे होते. अशी मी एकटीच उरले होते, म्हणून मला उचलून नेऊन भट्टीपाशी बसवले. मुकादमाने एक मडके आणले आणि चटईवर पालथे केले.

त्यातून माझी पाखरे पडली. वाकड्या चोचीचा पाणकोळी सगळ्यात शेवटी पडला, म्हणजे तो तळाशी होता. मी मोजली. एकोणतीस.

"हे कुठलं?" मी विचारले.

"हमालांच्या आळीतलं. एका पडक्या घराच्या उंबऱ्याखाली होतं," मुकादम म्हणाला. "आणि बघ कसे लबाड लोक! वरून सोनं, आत सगळं तांबं. मेहनत फुकट. फुंक, म्हातारे."

त्या आळीत माझ्या सासूचे घर होते. तिच्या उंबऱ्याखाली.

माझी आहेत म्हणून सांगण्यात अर्थ नव्हता. जे निघाले ते खणणाऱ्यांचे, असा त्यांचा नियम होता, आणि आणखी कुठे लपवलेस म्हणून त्यांनी लुसिआला धरले असते. मी फुंकणी तोंडाला लावली. मी जोरात फुंकले, कारण हळू फुंकले की धातू एकदम वितळत नाही, थोडा थोडा बसत जातो, आणि ते मला बघवले नसते. ज्या श्वासाने ती घडवली त्याच श्वासाने ती घालवली. दुपारपर्यंत त्यांची तळहाताएवढी, मळक्या रंगाची वीट झाली.

लुसिआ रडते आहे. तिला थोडे पाणी द्या.

आता मेन्सियासाठी. पोरी, हत्यारे तुझी आहेत. तुझे सगळ्यात चांगले काम कोणा मालकाला दाखवू नकोस, असे मला तुला सांगायचे आहे. पण तू दाखवशील. काम हातात नीट उतरले की माणसाला ते लपवता येत नाही. मला तुला यातून वाचवता येत नाही, एवढे फक्त तुला माहीत असू दे.

कलम आठवे. माझा देह.

मला पिमिनचा राग येतो. एकोणतीस वर्षे त्याने मला फसवले आणि रात्री माझ्या शेजारी झोपला. आणि मला त्याची आठवण येते, रोज येते, रागाच्या आधी येते. तो वाईट नव्हता. गाठी त्यानेच मारल्या, एवढे मला कळते. पण का, ते कळत नाही. पहिल्याच वर्षी कोठारावर त्याला कळले होते का, की कावर थंडीने वाटेतच गेला, आणि मला ते सांगायचे धाडस त्याला झाले नाही? तसे असेल तर त्याने मला एकोणतीस वर्षे भाऊ दिला. की पकडले जाऊ या भीतीने त्याने पहिले पाखरू उंबऱ्याखाली पुरले, आणि तिकडे कावर वर्षभर बोलून बोलून निभावत, वाट बघत राहिला, आणि काहीच पोचले नाही म्हणून मेला? तसे असेल तर मारणारा माझ्या चुलीपाशी जेवत होता. या दोहोंतले खरे कोणते ते सांगणारे एकच माणूस होते. त्याने तोंड उघडले तेव्हा मी त्याला काळजी करू नको म्हणाले.

म्हणून मी ठरवले आहे. मला पिमिनजवळच पुरावे. पण शेजारी नाही. त्याच्यासारखे गुडघे पोटाशी घेऊन, बसवून, त्याच्या समोर, तोंडाला तोंड. गाठींची दोरी माझ्या उजव्या हातात द्यावी. मला त्याला विचारायचे आहे.

मार्तिन म्हणतो, "आजी, हे मला लिहिता येणार नाही. तुमचा बाप्तिस्मा झालाय. पाद्री तुम्हाला चर्चच्या आवारातच पुरणार, आडवं, पाठीवर. टेकाडात नेऊच देणार नाहीत."

मला माहीत आहे. कालव्याचे तोंड माझ्या हातात नव्हते, कावरचे जाणे नव्हते, पाखरे नव्हती, हेही नाही. तरी लिही. जमले नाही तर चर्चच्या आवारात माझी मान तरी टेकाडाच्या बाजूला वळवावी. तेवढे लुसिआने करावे, पाद्र्याचे लक्ष नसताना.

वरील सर्व मला माझ्या भाषेत परत वाचून दाखवले. बरोबर आहे. फक्त खलाचे मी पुन्हा विचार करून सांगते: पोमाच्या सुनेला तो द्यावाच, पण वाटण्याआधी मिरची नीट धुऊन घ्यायला सांगावे.

लेखकाची नोंद: उर्सुला सेतेर यांना सही येत नाही. सहीऐवजी त्या दोरीला एक गाठ मारावी, मी तिची नोंद घेतो, असे सुचवले असता त्या म्हणाल्या, "गाठ नको. गाठीवर माझा विश्वास नाही." शाईत बुडवून अंगठा उमटवला. शाई ओली होती, म्हणून कागद जवळ मागून घेतला आणि ती वाळेपर्यंत स्वतःच फुंकर घालत राहिल्या. श्वास पुरत नव्हता. दोनदा थांबल्या, पण कागद मला परत दिला नाही.

साक्षीदार:
दिएगो आनवामान, कोळी, अंगठा
गास्पार न्यिके, कालव्याचा राखणदार, अंगठा
आल्बारो दे सेर्ना, सुतार, सही

लिहिणार: मार्तिन ओलिवा, कारकून, सही

ठिकाण: उर्सुला सेतेर यांच्या राहत्या घराचा ओटा, त्रुहियो शहराबाहेर
तारीख: ११ मार्च, इसवी सन १५४६, दुपार